विश्लेषण : येरवड्याची भिंत मजबूत, पण आतला कच्चा कैदी सुरक्षित आहे का?

देहूरोड परिसरातल्या गुन्ह्यात आरोपीची पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाली, की त्याची रवानगी बहुतेक वेळा येरवडा मध्यवर्ती कारागृहात होते. त्यामुळे या तुरुंगाचा इतिहास देहूरोडकरांसाठी परका नाही.

इतिहास काय सांगतो?

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये हे कारागृह बांधले. महात्मा गांधी येथे अनेकदा बंदिवासात होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार याच तुरुंगात झाला. त्यावर स्वाक्षरी करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच पुढे १९५४ मध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. स्वातंत्र्यानंतर मात्र येरवड्याची ओळख बदलली. जनरल अरुणकुमार वैद्य यांचे मारेकरी सुखा आणि जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी, तर अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येथेच फाशी देण्यात आली.

‘अंडा सेल’ म्हणजे काय?

अंडाकृती बांधणीमुळे हे नाव पडलेला हा अतिसुरक्षा विभाग. धोकादायक किंवा जिवाला धोका असलेले कैदी येथे इतरांपासून वेगळे ठेवले जातात. तरीही जून २०१२ मध्ये दहशतवादाच्या आरोपाखालील कच्चा कैदी कतील सिद्दिकी याचा याच विभागात खून झाला. त्याच्यावरील आरोप खरे की खोटे, हे न्यायालयाने ठरवायच्या आतच. त्यानंतर पाच महिन्यांनी याच कारागृहाने कसाबची फाशी कमालीच्या गुप्ततेत पार पाडली. बाहेरचा बंदोबस्त चोख असला, तरी आतल्या कैद्याच्या जिवाची हमी त्यातून मिळत नाही, हेच २०१२ ने दाखवले.

मग उपाय काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार, २०२२ अखेर देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारपैकी तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. बराकीत गर्दी वाढली, की मोजक्या कर्मचाऱ्यांची नजर कमी पडते आणि टोळ्यांचे फावते. म्हणून गर्दी कमी करणे हा सुरक्षेचाच भाग मानायला हवा.

कायदा त्यासाठी तयार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर तो जामिनाला पात्र ठरतो. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे.

म्हणूनच नव्या बराकी आणि कॅमेऱ्यांच्या घोषणा करताना सरकारने दर महिन्याला आणखी एक आकडा जाहीर करावा : कलम ४७९ खाली किती जण पात्र ठरले आणि त्यातले किती जण खरोखर घरी गेले?