पैसे मोजले म्हणून समुद्र विकत मिळत नाही

स्पष्टच लिहितो. काहींना झोंबेल, त्यात माझे पाच जिवलग मित्रही आहेत.

गेल्या महिन्यात आम्ही सहाजण चार दिवस मालवणला जाऊन आलो. फोंडा घाट उतरला की आपल्या कोल्हापूरकरांना समुद्र आपल्याच परड्यात असल्यासारखा वाटतो. बेत ठरलेला. दोन दिवस स्कुबा, दोन दिवस गळाने मासेमारी, रात्री जेवणावर ताव. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

किल्ल्याजवळ आमची बोट थांबली आणि सरळ नांगर टाकला. खाली गेलो तेव्हा दिसलं, नांगर प्रवाळात रुतलेला आणि बाजूला पांढराशुभ्र ताजा तुकडा मोडून पडलेला. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, मंडळी. तो जिवंत प्राणी आहे. दगडासारखे गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आपल्या आजोबांच्या आधीपासून वाढत आलेली गोष्ट आपण एका डुबकीत मोडतो.

मग पाव आला. पाण्यात पाव कुस्करला की मासे अंगाभोवती जमतात आणि फोटो झकास येतो. आमच्यातला एकजण तर प्रवाळाला धरूनच पोज देत होता. वर आल्यावर मी बोललो, तर उत्तर काय? "पैसे मोजल्यात की भावा, कशाला डोकं खातोस?"

तर भावा, ऐक. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याभोवतालचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. ताडोबात वाघाला पाव टाकून फोटो काढशील का? मग इथे पाण्याखाली कुणी बघत नाही म्हणून चालतं?

आता मासेमारीचं. गळाला वीतवीतभर गोबरे लागत होते. होडीवाले मामा ते गुपचूप परत पाण्यात सोडत होते. आमची मंडळी चिडली, "आम्ही पकडलेला मासा तुम्ही का सोडताय?" मामा एवढंच म्हणाले, "तुमी चार दिस येतल्यात नि जातल्यात, आमका हयच रवाचा आसा." पुढचे गोबरे मात्र आमच्या टोपलीत गेले. गोबरा बहुतेक वेळा मादी म्हणूनच वाढतो, त्यातले काही मोठे झाल्यावर नर होतात. लहान असतानाच उचलला तर ना अंडी, ना पुढची पिढी. मामांनी पुस्तक वाचलेलं नाही, पण हे त्यांना कळतं. आम्ही सहाच्या सहा पदवीधर!

रात्री ताटात काय आलं? तळहातापेक्षा लहान पापलेट. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. राज्यमाशाचं पिल्लू आम्ही लिंबू पिळून खाल्लं, आणि "केवढंसं दिलंय" म्हणून कुरकुरही केली.

एलईडी लावून मासे ओढणाऱ्या बोटींना आपण ग्रुपवर शिव्या घालतो. घातल्याच पाहिजेत. केंद्राने २०१७ मध्ये बंदी घालूनही त्यांचे दिवे विझत नाहीत, आणि त्यात रापणवाल्यांचं पोट मारलं जातं. रापणीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. पण त्या बोटवाल्याचा हिशोब आणि आपला हिशोब वेगळा आहे का? "मिळतंय तोवर ओरबाडा." त्याचं जाळं मोठं, आपली टोपली लहान, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, पर्यटनावर तिथल्या पोरांचं घर चालतं, तू त्यांच्या पोटावर पाय देतोस. उलट आहे. प्रवाळ मेलं तर मासे जातील, आणि मासे गेल्यावर पाण्याखाली गढूळ वाळू बघायला कोण पैसे देणार? बोटवाला पाव टाकतो, कारण आपण मागतो. कुठेही नांगर टाकतो, कारण बोट बांधायला दुसरी सोय हाताशी नसते. दोष एकट्या त्याच्या माथी मारून आपण सुटत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. स्कुबाच्या प्रत्येक जागी बोट बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत, म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही. पाव टाकायला सक्त मनाई हवी. आणि तिकिटासोबत नियमांचा कागद हातात पडायला हवा, मराठीत. सरकारने ही एवढी कामं करावीत, मग जाहिरातीत निळं पाणी दाखवावं.

आणि आपण? पाव नको म्हणा. प्रवाळाला हात लावू नका. लहान मासा गळाला लागला तर सोडा, ताटात आला तर परत पाठवा. मामांना शहाणपण शिकवू नका, त्यांचं ऐका.

दिवाळीनंतर आम्ही परत जाणार आहोत. मित्रांना सांगून ठेवलंय, या अटी मान्य असतील तरच मी गाडीत बसेन. दोघे अजून फुगून बसलेत. बसू देत.