रंग नवा, नोंद खरी

जुन्या वस्तूंच्या व्यापाराला एक प्रश्न पूर्वापार सोबत करीत आला आहे. विकण्यापूर्वी वस्तू उजळवावी काय, आणि उजळवल्यास ग्राहकाला तसे सांगावे काय? दागिन्याला झिलई दिल्याने सोन्याचा कस बदलत नाही. म्हणून सराफाला ती लपवण्याचे कारण पडत नाही. भांड्याला नवी कल्हई केली तर ती डोळ्यांना दिसतेच. परंतु काही वस्तूंचे मोल वजनात किंवा उपयोगात नसते. ते त्यांच्या मूळ पृष्ठभागातच साठलेले असते. अशा वस्तूवर फिरलेला कुंचला तिचे रूप सुधारतो आणि त्याच वेळी तिचे मोल उतरवूही शकतो. ‘अ‍ॅक्शन फिगर’ या नावाने ओळखली जाणारी, आज जगभर संग्रहिली जाणारी प्लास्टिकची खेळणी हे याचे बोलके उदाहरण होय.

या खेळण्यांचा जन्म अमेरिकेतला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंच उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत, या व्यापारी अंदाजाने त्यास ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नवे नाव देण्यात आले आणि पुढे तेच साऱ्या वर्गाचे नाव झाले. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट गाजला, तेव्हा त्यातील पात्रांची खेळणी करण्याचा परवाना सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होता. मागणी इतकी अनपेक्षित होती की त्या वर्षीच्या नाताळपर्यंत माल तयार होणे शक्य नव्हते. कंपनीने खेळण्यांऐवजी एक पाकीट विकले; त्यातील प्रमाणपत्र टपालाने पाठवले की पुढील वर्षी खेळणी घरी येत. माल नसताना केवळ शब्दावर केलेली ही विक्री व्यापाराच्या इतिहासात आजही सांगितली जाते. ही खेळणी पावणेचार इंचांची होती. १९८२ साली ‘जी. आय. जो’ही त्याच लहान आकारात पुन्हा अवतरला.

भारतात हा सैनिक आला तो फनस्कूलमार्फत. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहयोगातून १९८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना गोव्यात उभा राहिला. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत वाढदिवसाची भेट म्हणून आलेले ‘जी. आय. जो’ फनस्कूलचेच होते. साचे मूळ अमेरिकन. परंतु प्लास्टिकचा रंग, वरची रंगसंगती आणि पुठ्ठ्याचे वेष्टन यांत पुष्कळदा फरक असे. त्या काळी हा फरक कोणाच्या ध्यानातही आला नाही. आज परदेशातील संग्राहक नेमक्या त्या फरकासाठीच फनस्कूलचा माल शोधत असतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडलेला एखादा फिकट सैनिक त्यामुळे अचानक चर्चेचा विषय होतो, आणि त्याला पुन्हा रंग द्यावा की नाही हा प्रश्न घरातच उभा राहतो.

उत्तर शोधण्यापूर्वी रंग फिका का पडतो हे समजून घेणे इष्ट. याची कारणे तीन, आणि तिन्हींवरील उपाय निराळे. पहिले कारण घर्षण. कारखान्यात डोळे, पट्टे, चिन्हे यांवरील रंग धातूच्या आवरणातून फवारून किंवा रबरी ठशाने उमटवून दिलेला असतो. हा थर अतिशय पातळ असतो. नाक, केस, गुडघे, बोटे असे उंचवट्याचे भाग हाताळणीने झिजतात आणि खालचे प्लास्टिक उघडे पडते. दुसरे कारण सूर्यप्रकाश. त्यातील अतिनील किरणांनी रंगद्रव्याचे रेणू तुटतात. खिडकीतल्या फळीवर उभे केलेले खेळणे एका बाजूने विटते ते यामुळेच. तिसरे कारण खुद्द प्लास्टिकचे वार्धक्य. पांढरे एबीएस प्लास्टिक हवेतील प्राणवायू आणि प्रकाश यांच्या संयोगाने पिवळे पडते. केनरचे ‘स्टॉर्मट्रूपर’ आणि १९८४ सालचा पांढऱ्या वेषातील ‘स्टॉर्म शॅडो’ या पिवळेपणासाठी संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. मऊ पीव्हीसीच्या भागांतून तर त्याला लवचिक ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि पृष्ठभाग चिकट होतो.

यांपैकी पहिल्याच प्रकारात रंगकामाचा खरा उपयोग आहे. पिवळ्या पडलेल्या भागावर पांढरा रंग चढवला तर बारीक कोरीव रेषा बुजतात आणि सांध्यावरचा रंग दोन दिवसांत खरवडला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने पिवळेपणा घालवण्याची युक्ती २००८ च्या सुमारास संगणकप्रेमींमध्ये रूढ झाली व तेथून ती खेळण्यांकडे आली. परंतु घालवलेला पिवळेपणा कालांतराने परतल्याची उदाहरणे आहेत, आणि उपचार असमान झाला तर पृष्ठभागावर डाग उमटतात. चिकट झालेल्या पीव्हीसीवर डब्यातला एनॅमल रंग दिला तर तो महिनोन् महिने वाळतच नाही. ‘सी-थ्रीपीओ’सारख्या सोनेरी खेळण्यावरील चकाकी हा तर रंगच नव्हे, निर्वात कक्षात चढवलेला तो धातूचा सूक्ष्म थर असतो आणि कोणत्याही कुंचल्याने तो परत आणता येत नाही.

जेथे रंगकाम योग्य ठरते तेथे त्याची शिस्त साधी आहे. प्रथम कोमट पाणी व सौम्य साबण यांनी वस्तू हलक्या हाताने धुवावी. पुष्कळदा फिका वाटणारा रंग धुळीखाली शाबूत सापडतो आणि पुढचे काम वाचते. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नये. त्याने मूळ रंगच नव्हे, प्लास्टिकही विरघळते. १९८२ नंतरच्या ‘जी. आय. जो’च्या पाठीत एक स्क्रू आणि पोटात रबराची गोल कडी असते. स्क्रू काढून भाग सुटे केले तर रंग देणे सोपे जाते, आणि वाळून तुटलेली कडी बदलूनही घेता येते. रंग पाण्यात कालवता येणारा अ‍ॅक्रिलिक असावा. त्याची छटा दिवसाच्या उजेडात जुळवावी. दिव्याखाली जुळलेली छटा सकाळी परकी दिसते. न दिसणाऱ्या भागावर एक ठिपका देऊन पाहावा. मग पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ, पुन्हा पातळ थर. रंग जेवढा उडाला आहे तेवढ्याच जागी द्यावा. शाबूत रंगावर ‘एकसारखे दिसावे’ म्हणून हात फिरवण्याचा मोह टाळावा. एवढा संयम ज्याला साधेल त्याचे काम हातभर अंतरावरून ओळखू येत नाही.

आणि येथेच खरी अडचण सुरू होते. काम जितके उत्तम, तितके ते लपवणे सोपे.

संग्राहकांच्या बाजारात मूळ रंगाची झिजलेली वस्तू ही सुबक रंगवलेल्या वस्तूपेक्षा सामान्यतः वरची मानली जाते. नवख्याला हे विपरीत वाटते. पण त्यामागे सरळ हिशेब आहे. झीज मोजता येते. किती रंग उडाला हे पाहून किंमत ठरवता येते. नव्या रंगाखाली मात्र काय दडले आहे, हे कळत नाही. तेथे भेग असेल, दुसऱ्याच खेळण्याचा हात जोडलेला असेल, किंवा मूळ चिन्हच वेगळे असेल. हा न कळणारा भाग खरेदीदार आपल्या किमतीतून वजा करतो.

हाताने दिलेला रंग तेवढ्यानेच हीन ठरतो, असेही नाही. केनरने ‘बोबा फेट’ या पात्राच्या पाठीवर उडणारे अग्निबाण बसवण्याचे योजले होते. मुलांच्या घशात तो अडकेल या भीतीने ते रद्द झाले आणि केवळ नमुने उरले. त्यांपैकी हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ साली हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. तो रंग उत्पादनापूर्वी, काम चालू असताना दिलेला होता. म्हणून तो त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग होता. तसाच रंग पुढे कोणी घरी बसून दिला असता तर तो इतिहास झाला नसता. रंग कोणी, केव्हा आणि कशासाठी दिला, यावर मोल ठरते. आणि ही माहिती वस्तू स्वतः सांगत नाही. ती विकणाऱ्याला सांगावी लागते.

ती न सांगितल्याने काय होते हे ‘जावा’ या लहानशा खेळण्यावरून दिसते. १९७८ साली हा बुटका प्रथम प्लास्टिकच्या झग्यासह निघाला. तो फारच स्वस्त दिसतो म्हणून लवकरच कापडी झगा देण्यात आला. प्लास्टिकचा झगा दुर्मीळ झाला आणि महाग झाला. मग दुसऱ्या पात्राचा मोठा झगा कापून तो ‘जावा’चा म्हणून विकण्याचे प्रकार सुरू झाले. आज या खेळण्याचा खरा मालक आपला माल दाखवतो तेव्हाही समोरचा प्रथम संशयानेच पाहतो. थोड्यांनी केलेल्या लबाडीचा भुर्दंड खऱ्या मालाला सोसावा लागतो, हे बाजारपेठेत वाढलेल्या कुटुंबाला नव्याने सांगावयास नको. संशय वाढला की वस्तू तपासून देणाऱ्या संस्था उभ्या राहतात. ‘अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी’ नावाची संस्था शुल्क घेऊन खेळण्याला शंभरपैकी गुण देते व ते पारदर्शक पेटीत बंद करते. एकमेकांच्या शब्दावर जे काम फुकट होत असे, त्यासाठी बाजाराला आता पैसे मोजावे लागतात.

फनस्कूलच्या मालाबाबत तर आणखी एक धोका आहे, आणि तो लबाडीतून येत नाही, अज्ञानातून येतो. घरातील सैनिक अमेरिकन छायाचित्राशी ताडून पाहिला जातो. पट्ट्याचा रंग जुळत नाही, शिरस्त्राण भलत्याच रंगाचे दिसते. आणि ‘चूक सुधारावी’ म्हणून कोणीतरी हौसेने त्यावर रंग चढवतो. वस्तुतः तो भलता रंग हीच त्याची ओळख असते. एका दुपारच्या कामात ती पुसली जाते. म्हणून कुंचला उचलण्यापूर्वी हा नग मुळात कोणत्या रंगाचा होता, हे त्याच्याच सांध्यांच्या आत, बगलेत, पायाच्या घडीत पाहावे. तेथे उजेड आणि हात दोन्ही पोचलेले नसतात. मूळ रंग तेथे बहुधा टिकून असतो.

जुन्या चित्रांचे जतन करणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. रोम येथे १९३९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय जतनसंस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या नेतृत्वाखाली एक पद्धत घडली. चित्राचा रंग जेथे गळून पडला आहे तेथे नवा रंग बारीक उभ्या रेषांनी भरला जातो. दुरून चित्र पूर्ण दिसते. जवळ गेल्यावर दुरुस्ती स्पष्ट ओळखू येते. शिवाय वापरलेला रंग असा असतो की मूळ थराला धक्का न लावता पुढे तो काढता यावा. खेळण्याच्या नखाएवढ्या चेहऱ्यावर रेषा ओढणे शक्य नाही. तथापि त्यामागची दोन तत्त्वे, म्हणजे दुरुस्ती ओळखता यावी आणि ती उलटवता यावी, येथेही पाळता येतात. रेषांचे काम येथे नोंदीने करावयाचे असते.

ही नोंद अवघड नाही. काम सुरू करण्यापूर्वी वस्तूची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. संपल्यावर पुन्हा घ्यावीत. कोणता भाग रंगवला, कोणत्या रंगाने, केव्हा, हे एका चिठ्ठीवर लिहून ती वस्तूसोबतच ठेवावी. विक्रीच्या वेळी पावतीवर ‘उजव्या हाताचा व केसांचा रंग नव्याने दिलेला’ असे एक वाक्य लिहावे. ‘उत्तम स्थिती’ हे शब्द खोटे नसले तरी पुरेसे नाहीत. आपण न रंगवलेली, दुसऱ्याकडून घेतलेली वस्तू असेल तर भिंगाखाली कुंचल्याच्या रेघा दिसतात काय, आणि अतिनील विजेरीच्या प्रकाशात एखादा भाग निराळा चमकतो काय, हे पाहावे. शंका राहिल्यास तीही सांगावी. किंमत थोडी कमी येईल. पण तोच ग्राहक दुसरा नग घेण्यास त्याच दारी येतो, आणि येताना भिंग घरी ठेवून येतो.

जी वस्तू विकावयाचीच नाही, तिच्याविषयी एवढा विचार करण्याचे कारण नाही. वडिलांच्या बालपणीचा सैनिक मुलाने आपल्या आवडीच्या रंगात रंगवला तर त्यात कोणाचे नुकसान नाही; फक्त असे खेळणे तोंडात घालणाऱ्या तान्ह्याच्या हाती देऊ नये. मात्र आज घरात राहणारी वस्तू उद्या कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. म्हणून त्या मुलालाही रंगाच्या डबीबरोबर एक कोरी चिठ्ठी द्यावी, आणि काय केले ते त्याच्याच अक्षरात तारखेसह लिहून घ्यावे.