फाटका कान

“मास्तर, डोला ब्येस आलाय. पन तिचा डावा कान फाटलाय न्हवं, तो कुठाय?”

लांज्याजवळच्या एका वाडीतल्या आजींनी असं विचारलं, तेव्हा त्यांच्या तांबू गाईचं पुरं झालेलं जलरंगचित्र माझ्या हातात होतं. आठ दिवस खपलो होतो त्यावर. नाकपुडीवरचा ओलसरपणा, गळ्याखालची पोळी, शिंगाच्या बुंध्याशी असलेली वळी, सगळं जमलं होतं. कान मात्र खोटा होता. मी चित्र मोबाइलमधल्या फोटोवरून केलं होतं. त्यात डावा कान सावलीत गेलेला, म्हणून तो उजव्याच्या मापाने अखंड काढून टाकला. पाडी असताना वईच्या काट्यात अडकून तो फाटला होता, आणि आजी तांबूला लांबून ओळखतात ते त्या कानावरूनच.

तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे. जनावराचं चित्र काढायचं तर त्याच्या समोर बसून काढा.

आमच्याकडची मुलं हाताने तयार आहेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला चांगल्या श्रेणी आणतात. पुढे काही जण सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयात जातात. पण प्राणी काढा म्हटलं की दहातली आठ मुलं इंटरनेटवरचा तोच वाघ काढतात. एका स्पर्धेत एका मुलीने घरच्या बांड्या गाईचं चित्र दिलं होतं. माश्या हाकलताना गाईची शेपूट हलली, तसा तिचा कुंचलाही तिथे हलला होता. परीक्षकांनी ते ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवलं आणि बक्षीस वाघाला दिलं. मला हा निकाल आजही चुकीचा वाटतो. त्या वाघाची मिशी मुलाने मोजली नव्हती, दुसऱ्या कुणीतरी मोजलेली उतरवली होती.

बघून काढणं आणि ऐकून काढणं यातला फरक जुना आहे. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाकडून आलेला एक गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून जहाजाने लिस्बनला धाडला. न्युरेम्बर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. एका पत्रावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्याने त्याला चिलखत चढवलं, मानेमागे एक जादा शिंगही दिलं. याच ड्यूररने १५०२ मध्ये केलेला ससा बघा. त्याचे कान, मिशा, अंगावरचे केस बघितल्याशिवाय कुणाला येणार नाहीत. आणि आपल्या पुण्यात, सवाई माधवरावांच्या काळात, गंगाराम तांबट यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा कागदावर आणला, १७९० मध्ये. तो गेंडा खरा वाटतो, कारण समोर उभा होता. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आपल्या चित्रकलेच्या तासाला त्यांचं नाव निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जलरंगात तर समोर बसण्याला पर्याय नाही. पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच राखायचा असतो. डोळ्यातली चमक म्हणजे सुरुवातीलाच सोडलेला मोहरीएवढा कोरा ठिपका. तो बुजला की डोळा विझला. गाईचा डोळा काळा म्हणून काळा रंग उचलला तर भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, खालच्या कडेला तांबूस उजेड ठेवा. गोठ्याच्या दारातून येणारं आभाळ त्या बुबुळात दिसतं. माझ्या फोनच्या फोटोत तिथे नुसता काळा डाग होता.

आपली हवाही मदतीला येते. श्रावणात कागद लवकर वाळत नाही; ओल्यावर ओला रंग सोडला की मानेवरचे केस आपोआप मऊ पसरतात. एप्रिलमध्ये तोच रंग कुंचला उचलेपर्यंत कडा धरतो.

आणि वेळ फार नाही. ही आपली ठेंगणी, काटक, मुसळधार पावसातही चढावर चरणारी गाय ‘कोकण कपिला’ या नावाने २०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून नोंदली. इकडे वाडीवाडीत गोठे रिकामे होताहेत. राखणीला माणूस नाही, मुलं मुंबईला. तांबू, खैरी, बांडी ही नावंही गोठ्याबरोबर जातील.

म्हणून शाळांनी पाऊस ओसरल्यावर चित्रकलेचे निदान चार तास गोठ्यात घ्यावेत. स्पर्धा भरवणाऱ्यांनी एकच अट घालावी: चित्राखाली जनावराचं नाव, धन्याचं नाव आणि कुठे बसून काढलं ते लिहा. बक्षीस त्यानंतर ठरवा.

जलरंगात झालेला कान फाडता येत नाही. मी नवा कागद ताणला, भाद्रपदात तीन सकाळी आजींच्या गोठ्यात पाटावर बसलो. दुसऱ्या दिवशी तांबूने पाण्याचा डबा लवंडला. तिसऱ्या दिवशी कान झाला. फाटीच्या कडेला केस उगवत नाहीत, तिथे गुलाबी कातडी दिसते, तीही आली. आजींनी चित्र पडवीत लावलंय. खाली पेन्सिलीने लिहिलंय: तांबू, वय नऊ, गोठ्याच्या दाराशी बसून.