आपट्याचे पान आणि सराफाची पेढी

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गंगाखेडसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत जी गर्दी उसळते, तिच्यामागे केवळ धर्मभावना नसते. सोयाबीन मोंढ्यावर गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते आणि वर्षभर ओढाताण सोसलेल्या घरात चार पैसे खुळखुळू लागतात. अशा वेळी कपडा, भांडे आणि ऐपतीप्रमाणे गुंजभर सोने घेतले जावे, यात वावगे काही नाही. परंतु 'आज सोने घेतलेच पाहिजे' ही जी सक्तीची भावना अलीकडे बळावली आहे, तिचे मूळ शास्त्रात आहे की बाजारात, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

दसऱ्याचे परंपरागत 'सोने' म्हणजे आपट्याचे पान. त्यामागील कौत्साची कथा कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या रघुराजाकडे कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागतो. राजा कुबेरावर चालून जाण्याचे ठरवतो आणि त्याच रात्री कोषागारात सुवर्णवृष्टी होते. लोककथेने ही वृष्टी आपट्याच्या झाडावर आणली. कथेचा गाभा मात्र कायम राहिला. राजा सारे द्यावयास तयार. याचक गुरूच्या देण्याहून अधिक एक नाणेही घ्यावयास तयार नाही.

इतर दिवसांची गोष्ट फारशी वेगळी नाही. धनत्रयोदशीला धन्वंतरीचे पूजन, यमदीपदान आणि धने-गुळाचा नैवेद्य ही महाराष्ट्राची जुनी रीत. साडेतीन मुहूर्तांत या दिवसाची गणनाही होत नाही. अक्षय्य तृतीयेला ऐन वैशाखात पितरांच्या नावे पाण्याने भरलेला घट दान करावयाचा. दानाचा हा दिवस आज खरेदीचा दिवस म्हणून ओळखला जातो, हा बदल बोलका आहे.

हा बदल घडला कसा? जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. ही अट पुढे शिथिल झाली, तरी १९६८ च्या कायद्याने व्यापारावरील निर्बंध चालू ठेवले. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९७ पासून बँकांना सोन्याची आयात खुली झाली. माल मुबलक झाला, की गिऱ्हाईक शोधावे लागते. आणि पंचांगातील शुभ दिवसाइतकी प्रभावी जाहिरात व्यापाऱ्यास दुसरी कोणती मिळणार? पूर्वी सोयीने होणारी खरेदी अशा रीतीने तिथीशी घट्ट बांधली गेली.

याचा अर्थ सोने घेणारा भोळा, असा मुळीच नव्हे. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मराठवाड्यात घरातील स्त्रीच्या अंगावरचे सोने हीच अडचणीच्या वेळची पेढी असते. आजारपणात किंवा पेरणीच्या तोंडावर ते गहाण ठेवून तासाभरात पैसा उभा राहतो. परंतु म्हणूनच हिशेब डोळसपणे केला पाहिजे. दिवाळीत घेतलेला दागिना मृगाच्या पेरणीसाठी मोडावा लागला, तर घडणावळीचा आणि कराचा पैसा परत मिळत नाही. बचतच करावयाची तर हॉलमार्क असलेले साधे वेढणे पावतीसह घेणे अधिक शहाणपणाचे. आणि मुहूर्त साधण्यासाठी कर्ज काढणे म्हणजे तर संकटासाठी राखावयाच्या साधनानेच संकट ओढवून घेणे होय.

सण येतील आणि बाजारही भरेल. ज्याच्या गाठीस पैसा आहे, त्याने सोने अवश्य घ्यावे. ज्याच्या गाठीस तो नाही, त्याने आपट्याचे पान वडीलधाऱ्यांच्या हाती देऊन नमस्कार करावा. त्याच्या दसऱ्यात काही उणे राहिले, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.