अनियमित कोण, बाई की दप्तर?



गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक बाई आली. वय एकोणतीस, सोबत दहा वर्षांची मुलगी आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत तिचे सगळे शिक्षण होते. दहावी आणि बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, बी.ए.ची पदवी सासरच्या नावाची, आधार कार्डही सासरच्याच नावाचे. सर्वांत वर एका विद्यापीठाचे पत्र होते: 'आपल्या कागदपत्रांत नावाची तफावत आढळली आहे. सात दिवसांत नोंद नियमित करून घ्यावी, अन्यथा प्रवेश रद्द समजण्यात येईल.'

सतराव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले होते. सासरी असतानाच, नवऱ्याची बोलणी खात, तिने मुक्त शिक्षणातून बी.ए.ला नाव घातले. ते सासरच्याच नावाने घालावे लागले, नाहीतर घालूच दिले नसते. पुढे मार सहन होईना म्हणून ती मुलीला घेऊन माहेरी आली. माहेरी राहून बी.ए. पूर्ण केले, मग पदव्युत्तर प्रवेशाची केंद्रीय परीक्षा, सीयूईटी, दिली. समाजकार्याच्या एम.ए.ला तिचा नंबर लागला. आणि मग हे पत्र.

मीही या वेळी जे करायचे तेच केले. 'गॅझेट करून घे, प्रतिज्ञापत्र कर, लग्नाचा दाखला आण' अशी यादी तिच्या हातात दिली. ती यादी वाचत बसली आणि म्हणाली, "ताई, परीक्षेला तर मीच बसले होते ना? मग मी कोण हे नवऱ्याकडून लिहून आणू का?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराचा आहे.

लग्नाचा दाखला म्हणजे काय ते बघा. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा. नोंदणीला नवरा-बायको दोघांनी हजर राहायचे, दोघांच्या सह्या हव्यात, वर तीन साक्षीदार. जो नवरा तिला नांदवत नाही, तो तिच्या एम.ए.साठी नोंदणी कार्यालयाची पायरी चढेल का? शिवाय लग्न झाले तेव्हा ती सतरा वर्षांची. तो बालविवाह. ज्यांनी तो लावला ते उजळ माथ्याने फिरतात आणि कागद नाही म्हणून अडते ती मात्र बाई.

दुसरी मागणी खंड प्रमाणपत्राची, ज्याला कार्यालयात 'गॅप' म्हणतात. बारावी आणि बी.ए.मध्ये सहा वर्षे का गेली? या काळात आपण दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हतो, असे शपथेवर लिहून द्यायचे. त्या सहा वर्षांत तिने बाळंतपण काढले, दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, मार खाल्ला. तिने गुन्हा केला का, एवढेच दप्तर विचारते. तिच्यावर गुन्हा झाला का, हा रकाना त्या कागदावर नाही.

मुळात आपल्या देशात लग्नानंतर बाईने नाव बदलावे असा कायदाच नाही. पण घराघरांत तो पाळला जातो, रेशन कार्डापासून आधारपर्यंत. केंद्रीय परीक्षेचा अर्ज भरताना सांगतात, दहावीच्या दाखल्यावर आहे तसेच नाव लिहा. ओळख पटवताना आधार बघतात. म्हणजे एक दप्तर तिला बापाच्या घरात उभी करते, दुसरे नवऱ्याच्या. आणि मग दोघे मिळून म्हणतात, तुझ्यात तफावत आहे! आधारवरचे नाव बदलायची मुभा सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच. लग्न झाले, एकदा. माहेरी परतली, दोनदा. पुन्हा लग्न केले, तर खास अर्ज करा. पुरुषाला जन्मभरात यांतले एकदाही करावे लागत नाही. हे नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले ते वेगळे सांगायला नको.

ही अडचण नवी नाही. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. लग्नात नाव बदलले आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवी मिळाली ती आनंदीबाईंना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. आजच्या खिडकीवर या दोघी आल्या असत्या, तर त्यांनाही सात दिवसांची मुदत मिळाली असती.

नवे आहे ते एवढेच, की भांडायचे टेबल उरले नाही. मी एम.एस.डब्ल्यू.ला गेले तेव्हा अर्ज महाविद्यालयात, मुलाखत तिथेच आणि अडचण आली तर हुज्जत घालायला समोर क्लार्क होता. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटीवर गेले. २०२४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे पदव्युत्तर प्रवेशही या परीक्षेतून होऊ लागले. परीक्षा घेते नॅशनल टेस्टिंग एजन्सी, प्रवेश देते विद्यापीठ. एजन्सी म्हणते, प्रवेश आमच्याकडे नाही. विद्यापीठ म्हणते, नोंद दिल्लीहून आली, आम्हाला हात लावता येत नाही. अर्जात दुरुस्ती करायला मोजके दिवस मिळतात, तेही इंटरनेटवर. या दोन दारांच्या मधल्या ओसरीत बाई उभी आणि तिची जागा पुढच्या यादीतल्या कोणाला तरी जाते.

यावर म्हणतात की कडक तपासणी केली नाही तर बोगस विद्यार्थी घुसतील. घुसतात, खरे आहे. २०२४ साली नीटचा पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला, यात वादच नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण तो पेपर दोन आडनावांच्या बायकांनी फोडला नव्हता. माणूस तोच आहे हे बघायचे तर जन्मतारीख आहे, फोटो आहे, बोटांचे ठसे आहेत, दहावीचा बैठक क्रमांक आहे. आणि आईचे नाव आहे. लग्नाने आईचे नाव बदलत नाही! महाराष्ट्र बोर्डाच्या दाखल्यावर ते छापलेलेही असते. जुळवायचेच असेल तर त्याच्याशी जुळवा.

न्यायालये दप्तराच्या पुढे गेली आहेत. जून २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग आहे, त्यावर तिचा स्वतःचा ताबा हवा, आणि बोर्डाने बदल नोंदवायची वाट ठेवली पाहिजे. उलट केंद्र सरकारच्या एका सूचनेत, विवाहित बाईला माहेरचे आडनाव परत घ्यायचे तर घटस्फोटाचा निकाल किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र मागितले होते. त्याला २०२४ साली एका बाईने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. स्वतःच्या नावासाठी नवऱ्याची हरकत नाही ना, हे विचारणारे सरकार आपल्याला नियमित व्हायला सांगते!

म्हणून माझे म्हणणे असे: बाई नियमित आहे, दप्तर अनियमित आहे. आपल्या मागण्या साध्या आहेत.

१. दहावीची नोंद हा धागा धरून पुढची सगळी नावे त्याला जोडावीत. प्रत्येक अर्जात दुसऱ्या नावाचा रकाना असावा.

२. नाव बदलले हे बाईने स्वतः लिहून दिलेले पुरे मानावे. नवऱ्याची किंवा बापाची सही, लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा निकाल मागू नये.

३. नावाच्या तफावतीवरून जागा काढून घेऊ नये. तात्पुरता प्रवेश द्यावा आणि कागदासाठी एक सत्र मुदत द्यावी.

४. खंडाचे प्रतिज्ञापत्र बंद करावे.

५. एजन्सी आणि विद्यापीठ यांपैकी दुरुस्ती कोणी करायची ते आधी ठरवावे आणि नकार दिला तर कारणासह लेखी द्यावा.

आता थोडे आपल्याबद्दल. आपण शिबिरे घेतो, गॅझेटचे अर्ज भरून देतो, त्यात बायकांची सोय होते आणि ती करायलाच हवी. पण वर्षानुवर्षे फक्त तेच करत राहिलो तर आपण दप्तराचे बिनपगारी कारकून होऊ. यापुढे प्रत्येक अर्जासोबत एक हरकतीचे पत्र जोडू या. आपल्या गटाकडे आलेल्या अशा हकिकती, बाईची ओळख झाकून, लिहून आमच्याकडे पाठवा. एकत्र करून विद्यापीठ अनुदान आयोगापुढे ठेवू.

त्या बाईची जागा गेली. सात दिवसांत गॅझेट झाले नाही, होणारही नव्हते. तिने पुन्हा परीक्षेला बसायचे ठरवले आहे. माझी यादी तिने परत केली आणि सांगितले, "या वेळी पत्र लिहायचे तर मी सही करते. माझ्या दोन्ही नावांनी करते."