सवलत फ्लॅटला, नोटरी आपल्याला

1 सप्टेंबर 2020 पासून महाराष्ट्र सरकारने घरखरेदीवरचं मूळ मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं. त्याच महिन्याच्या 21 तारखेच्या पहाटे भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. या दोन बातम्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत. आम्ही वाचतो.

सवलतीचं गणित साधं होतं. 2 कोटींचा फ्लॅट घेणाऱ्याचे 6 लाख वाचले. 20 लाखांचं वन-रूम-किचन घेणाऱ्याचे 60 हजार. आणि नोटरीच्या कागदावर खोली घेतलेल्या लूम कामगाराचे? एक रुपयाही नाही. ज्याचा दस्तच नोंदत नाही, त्याला सूट कसली? 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी हेच पकडलं होतं. प्राप्तिकर उत्पन्न पाहून लागतो, शेतसारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही सुटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मुद्रांक शुल्काचा सपाट टक्का आज तेच करतो.

तरी आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "हा फ्लॅटवाल्यांचा विषय आहे, आपण आरक्षणावर बोलू." मित्रांनो, इमारत धोकादायक ठरून पाडली जाते तेव्हा पहिला प्रश्न येतो, कागद कुठाय? नोटरीवाली कुटुंबं तेव्हा रस्त्यावर कशी उभी राहतात, हे आम्ही पाहिलंय. एजंट सांगतो, "नोटरीवर करू, लाख वाचतील." 2011 च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुखत्यारपत्रावर घराची मालकी येत नाही. एजंट हे सांगत नाही, त्याचं कमिशन झालेलं असतं.

बाजारमूल्याचे नवे दर 1 एप्रिलला लागू होतात. दोन वर्षं तसेच ठेवलेले दर 2025 च्या 1 एप्रिलला वाढले. बिल्डर मार्चमध्ये धावपळ करतात आणि आपल्याला मे महिन्यात कळतं. करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांत जे जास्त, त्यावर शुल्क लागतं, त्यामुळे किंमत कमी दाखवून सुटका नाही. 20 लाखांच्या घराला 5 टक्के शुल्क, 1 टक्का महापालिकेचा अधिभार आणि 1 टक्का नोंदणी फी धरली तर 1 लाख 40 हजार होतात, मेट्रोचा अधिभार असेल तर आणखी. हे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही. म्हणजे टोकन देण्याआधीच ते बाजूला हवेत, नाहीतर ऐनवेळी सावकार ठरलेला.

आणि घर बाईच्या नावावर घ्या. एप्रिल 2021 पासून 1 टक्का सवलत आहे, पण फक्त बाईच्याच नावावर असेल तर. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. आमच्या विहारात हे सांगितलं तेव्हा हिंदू कोड बिलावर तासभर बोलणारे दोन भाऊ गप्प बसले, त्याची गंमत वाटली!

मागणी एकच ठेवा: पहिल्या छोट्या घराला शुल्क शून्य. इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्याला 3 लाख पौंडांपर्यंत हा कर लागत नाही. मग यंत्रमाग चालवून शहर पोसणाऱ्याला का लागावा?

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात कागद तपासायला बसतो. नोटरीचा असला तरी घेऊन या, आणि आईला सोबत आणा.