त्यात बॅगपाइप नाहीये, मामा

परवा माझ्या भाच्याने माझी पार जिरवली. आणि तीही माझ्याच आवडत्या बँडवरून.

झालं असं, की भाचा गिटार वाजवतो म्हणून मी त्याला मोठ्या हौसेने बिग कंट्रीचा 'द क्रॉसिंग' पाठवला. १९८३ चा अल्बम, आमच्या तरुणपणाचा ठेवा. सोबत मामाच्या अधिकाराने दोन वाक्यांची प्रस्तावनाही जोडली. "स्कॉटलंडचा बँड आहे. यांच्या गिटारी बॅगपाइपसारख्या वाजतात, तेवढं ऐक." दोन दिवसांनी त्याचा फोन. अल्बम त्याने तीन-चारदा ऐकला होता, दोन गाणी वाजवूनही पाहिली होती. म्हणाला, "भारी आहे रे मामा. पण त्यात बॅगपाइप नाहीये."

"अरे, नाहीच आहे. गिटार तशी वाजते म्हणतोय मी."

"नाही वाजत तशी. दोन गिटारी आहेत. एक वर जाते, दुसरी तिचा हात धरून चालते. बॅगपाइप कुठून आला मधेच?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलला. पण रात्री झोप येईना, म्हणून हेडफोन लावून बसलो आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द बाजूला ठेवून अल्बम ऐकला. पोरगा बरोबर होता. मग राग आला. आधी स्वतःचा, आणि मग मी ज्यांच्याकडून तो शब्द उचलला होता त्यांचा. ही पोस्ट त्या रागाची आहे. (बॅगपायपर म्हटल्यावर ज्यांना बाटली आठवते त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. ह. घ्या.)

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टुअर्ट ॲडमसन हा फाइफमधल्या डनफर्मलिनच्या स्किड्स या बँडचा गिटारवादक. १९७९ मध्ये त्यांचं 'इन्टू द व्हॅली' ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं. स्किड्स सोडल्यावर १९८१ मध्ये त्याने ब्रूस वॉटसनबरोबर बिग कंट्री सुरू केला. पुढे टोनी बटलर बेसवर आणि मार्क ब्रेझिकी ड्रम्सवर आले. १९८२ चं पहिलं सिंगल 'हार्वेस्ट होम' फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. मग स्टीव्ह लिलीव्हाइट निर्माता म्हणून आला आणि १९८३ मध्ये सगळं एकदम उसळलं. 'फील्ड्स ऑफ फायर' दहाव्या क्रमांकावर, 'चान्स' नवव्या, अल्बम तिसऱ्या. 'इन अ बिग कंट्री' ब्रिटनमध्येही सतराव्या आणि अमेरिकेतही सतराव्या क्रमांकावर. वर ग्रॅमीचं 'उत्कृष्ट नवोदित कलाकार' हे नामांकन. एका वर्षात एवढं.

आणि याच वर्षात तो शब्द चिकटला. एनएमई, मेलडी मेकर, साउंड्स ही तेव्हाची ब्रिटिश संगीत साप्ताहिकं. दर आठवड्याला पानं भरायची, दर आठवड्याला कुणीतरी नवीन शोधायचं. रेकॉर्ड हातात येते, दोन-तीनदा ऐकायची, रात्रीतून तीनशे शब्द पाडायचे. अशा वेळी 'स्कॉटलंड' आणि 'गिटार' हे दोन शब्द शेजारी आले की तिसरा आपोआप उगवतो. कुणी आधी लिहिला ते आता महत्त्वाचं नाही. पुढचा लिहिणारा आधीची कात्रणं वाचून मुलाखतीला जातो, आणि कात्रणातला शब्द त्याच्या लेखात उतरतो. तो लेख पुढच्याचं कात्रण. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला तरी शब्द तोच. आणि तिथून इकडे माझ्यासारख्याच्या तोंडात!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? कौतुकच होतं ना ते? होतं. माझा आक्षेप कौतुकाला नाही. त्या शब्दानंतर कान बंद झाले, याला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, तो आवाजाचं नीट वर्णनसुद्धा करत नाही. हायलँड बॅगपाइपला सूर नऊच. मागे तीन नळ्या तंबोऱ्यासारखा एकच षड्ज धरून बसलेल्या. पिशवीत हवा भरलेली असल्यामुळे आवाज मधे तुटतच नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या सुराचा निसटता स्पर्श द्यावा लागतो, नाहीतर दोन सूर वेगळे ऐकूच येणार नाहीत. गिटारचं नेमकं उलटं. तार छेडली की सूर त्या क्षणापासून विझायला लागतो. ॲडमसन आणि वॉटसन काय करत होते, तर त्या विझण्याशी झुंजत होते. ई-बो नावाच्या छोट्या यंत्राने तार थरथरती ठेवायची, एमएक्सआरच्या पिच ट्रान्स्पोझरने सुराला दुसरा सूर जोडायचा, आणि दोघांनी मिळून एकच चाल दोन उंचीवर वाजवायची. रॉक गिटारवाले ब्लूजमधून आलेली तार ओढण्याची जी लकब सतत वापरतात, ती इथे जवळजवळ नाही. सरळ, स्वच्छ, लोकगीतासारखी चाल. हे सगळं एका समीक्षकाला चार ओळींत सांगता आलं असतं. पण त्यासाठी वादकाला विचारावं लागतं, "बाबा रे, हे तू कसं करतोस?" त्यापेक्षा 'बॅगपाइप' लिहिणं सोपं.

दुसरी गोष्ट तर मला आत्ता, या निमित्ताने शोधाशोध करताना नीट ध्यानात आली आणि मी थक्क झालो. ज्यांच्या बोटांतून म्हणे स्कॉटलंडची माती बोलते, ते चौघं जन्मले कुठे? ॲडमसन इंग्लंडमध्ये मँचेस्टरला. वॉटसन कॅनडात, ऑन्टॅरिओमधल्या टिमिन्सला. बटलर लंडनला. ब्रेझिकी स्लाउला, आणि त्याचं आडनाव पोलिश. चौघांपैकी एकाचाही जन्म स्कॉटलंडचा नाही! ॲडमसन आणि वॉटसन वाढले फाइफमध्ये, तिथलेच झाले, याबद्दल वाद नाही. त्या चालींवर तिथल्या लोकसंगीताची छाया आहे, हेही खरंच. पण ती छाया त्यांनी ऐकून, निवडून, घासून स्वतःची केली होती. समीक्षकांनी ती रक्तातून आल्यासारखी लिहिली. माणसाच्या मेहनतीचं श्रेय त्याच्या मातीला देऊन टाकायचं, ही वरवर फार प्रेमळ वाटणारी चोरी आहे.

आणि हा न्याय सगळ्यांना सारखा लागत नाही, हे माझं खरं दुखणं. लंडनच्या बँडच्या गिटारला टेम्सच्या गाळाचा वास येतो, असं कुणी लिहीत नाही. जो मध्यभागी बसलेला असतो त्याला माती नसते, त्याला फक्त प्रतिभा असते. माती असते ती कडेच्या लोकांना. बिग कंट्रीला आयर्लंडच्या यू-टू, वेल्सच्या द अलार्म आणि ग्लासगोच्या सिम्पल माइंड्सबरोबर एका गाठोड्यात बांधून मोकळे झाले. का? तर सगळे लंडनच्या बाहेरचे आणि मोठ्या आवाजात गाणारे.

बँडची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. चौकड्यांचे शर्ट त्यांनीच घातले होते. गाण्यांतून डोंगर, शेतं, वादळं त्यांनीच आणली होती. कॅमेऱ्यासमोर मोकळ्या माळावर हिंडायला कुणी त्यांच्यावर बंदूक रोखली नव्हती. पोस्टकार्डसाठी अर्धं चित्र त्यांनीच काढून दिलं. पण उरलेलं अर्धं बघणं हे समीक्षकाचं काम. नाहीतर त्याला पगार कशाचा?

त्या उरलेल्या अर्ध्यात काय होतं? 'चान्स' हे गाणं नवरा सोडून गेलेल्या, पदरी मुलं असलेल्या बाईचं आहे. त्यात डोंगरबिंगर काही नाही. आणि १९८४ चा दुसरा अल्बम 'स्टीलटाउन'. त्याचं शीर्षकगीत आहे कॉर्बीबद्दल. कॉर्बी हे इंग्लंडमधलं नॉर्दम्प्टनशरचं गाव. १९३० च्या दशकात तिथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि क्लाइडकाठची हजारो स्कॉटिश कुटुंबं घरदार उचलून तिकडे गेली. इतकी, की गावाला 'छोटं स्कॉटलंड' म्हणायला लागले. १९८० मध्ये तिथलं पोलाद बनणं थांबलं. ज्या कामासाठी गाव सोडलं ते कामच गेलं. याच अल्बममध्ये युद्धावर धाडलेल्या पोरांचं गाणं आहे, फॉकलंडच्या लढाईला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तो बाजारात आला तेव्हा खाणकामगारांचा संप ऐन भरात होता, आणि फाइफ हा कोळशाचाच मुलूख. म्हणजे बघा, ज्या स्कॉटलंडमध्ये हे लोक राहत होते तो बेकारीने पोळलेला होता, आणि छापील पानांवर जो स्कॉटलंड त्यांच्या गळ्यात मारला जात होता तो बिस्किटाच्या डब्यावरचा.

'स्टीलटाउन' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला. लोकांना कळलं होतं. अमेरिकेत मात्र तो पहिल्या पन्नासातही पोचला नाही. तिथे बॅगपाइपची गंमत एकदा ऐकून झाली होती, आणि गमतीचा दुसरा भाग कुणाला हवा असतो? तिथल्या याद्यांमध्ये बिग कंट्री आजही 'एका गाण्याचा बँड' म्हणून सापडतो. ब्रिटनमध्ये डझनाहून जास्त गाणी पहिल्या चाळिसात गेलेला बँड! शब्दाने वर चढवलं आणि शब्दानेच जागेवर खिळवलं.

ॲडमसन डिसेंबर २००१ मध्ये गेला, घरापासून फार दूर, होनोलुलूत. वय ४३. दारूशी त्याची झुंज बरीच वर्षं चालली होती. त्याच्या मृत्यूचं खापर मी समीक्षकांवर फोडणार नाही, ते सरळसरळ खोटं होईल. एवढंच म्हणतो, की त्याच्यावरच्या मृत्युलेखांतसुद्धा बॅगपाइप हजर होता. माणूस गेला, तरी शब्द काही गेला नाही.

त्या साप्ताहिकांचंही पुढे काही धड झालं नाही. साउंड्स १९९१ मध्ये बंद पडलं, मेलडी मेकर २००० च्या अखेरीस एनएमईत विरघळलं, आणि एनएमईचा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये थांबला. मला त्याचा आनंद नाही. वाईट समीक्षेवर उपाय चांगली समीक्षा हा आहे, समीक्षाच नसणं हा नव्हे. आता ते काम तुम्ही-आम्ही करतो, फुकटात आणि रात्री जेवणं झाल्यावर. आपल्याला तर पानं भरायची घाई नाही, संपादकाचा तगादा नाही. मग आपण तेच तयार शब्द का वापरतो?

हे मी तोंड वर करून विचारतोय खरा, पण फोनचा शेवट अजून सांगितलेला नाही.

ठेवता ठेवता भाचा म्हणाला, "मामा, तुला ते कात्रण पाठवलं होतं ना गेल्या महिन्यात?" पाठवलं होतं. त्याच्या बँडच्या कार्यक्रमाची बातमी, एका स्थानिक पानावर आलेली. मी लगेच उत्तरही दिलं होतं, "वा! छान लिहिलंय!" आणि घरच्या ग्रुपवर सगळ्यांना फिरवलंही होतं. (ताई, मावशी, तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले होते, आठवतंय ना?)

"परत वाच," एवढंच म्हणून त्याने ठेवला.

परत वाचली. बातमीत होतं की या मुलांच्या रॉकला मराठी मातीचा गंध आहे. त्यांच्या कुठल्याही गाण्याचं नाव नव्हतं. कोण काय वाजवतो ते नव्हतं. त्यातलं एक गाणं भाच्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्याच वडिलांच्या, शेवटच्या आजारपणावर आहे. तेही नव्हतं. आणि ते गाणं मी स्वतःसुद्धा तोवर एकदाच, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या चालू असताना, फोनच्या स्पीकरवर ऐकलं होतं.

असो. काल ते हेडफोन लावून चारदा ऐकलं. त्याच्याबद्दल लिहायचं आहे, पण अजून शब्द सापडत नाहीयेत. सापडेपर्यंत लिहिणार नाही.